अर्ज ठेवून जा

माझ्या मावसभावाची सोयाबीनची गंजी जळाली ती गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात. मराठवाड्यातलं मांजरेकाठचं गाव, चार एकर रान, कापून ढीग लावलेला, वर ताडपत्री, आणि सकाळी मळणीयंत्र येणार होतं. रात्री दोनला शेजारच्या सालगड्यानं आरोळी दिली तेव्हा ताडपत्री वितळून गंजीला चिकटली होती. जळत्या सोयाबीनचा वास आधी भाजलेल्या फुटाण्यासारखा येतो, मग तेलकट आणि करपट होत जातो. गंजीपासून दहा पावलांवर बांधाला प्लास्टिकची बाटली पडली होती, तळाशी बोटभर डिझेल. तिला हात लावू नका असं मी ओरडून सांगेपर्यंत चौघांनी ती उचलून हुंगलीसुद्धा होती.

सकाळी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार भला माणूस, त्यानं आधी चहा सांगितला. मग विचारलं, "काका, कुणावर संशय?" भावानं भावकीतल्या बांधाच्या वादाचं सांगितलं. अंमलदार म्हणाला, "नाव घेतलं तर आयुष्यभर तारखा कराव्या लागतील. शॉर्टसर्किट लिहू का?"

"साहेब, त्या रानात लाईटच न्हाई की."

तो थोडा वेळ पेनाशी खेळला. "मग असं करा, अर्ज ठेवून जा. चौकशी करतो."

आम्ही कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला आणि परत आलो. अंमलदाराच्या पाठीमागे भिंतीवर पांढरा फळा होता. त्यावर रकाने आखलेले: दाखल गुन्हे, उघड गुन्हे, टक्केवारी, मागचं वर्ष, चालू वर्ष. माझी नजर चहा पिताना त्या फळ्यावरच होती. शेतमालाला आग लावणं हा दखलपात्र गुन्हा आहे. माहिती मिळाली की तो नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात स्वच्छ सांगितलं आहे. पण आमची गंजी त्या फळ्यावर चढली नाही. म्हणजे त्या ठाण्याच्या हद्दीत त्या महिन्यात गंजी जळालीच नाही. भावाच्या रानातली राख तेवढी खोटी.

मी इतिहासाचा मास्तर. पस्तीस वर्षं मुलांना मोगलाई शिकवली, म्हणून की काय, तो फळा पाहून मला आपला तालुका आठवायच्या आधी दुसरंच काही आठवलं.

सोव्हिएत बेलारूसमध्ये वितेब्स्क नावाचा भाग आहे. तिथं १९७१ ते १९८५ या काळात बायकांचे गळे आवळून खून होत होते. करणारा एकच माणूस होता, गेनादी मिखासेविच. पुढं त्याच्यावर छत्तीस खून शाबीत झाले. पण तो सापडायच्या आधीच त्याच्या गुन्ह्यांसाठी चौदा माणसं दोषी ठरून शिक्षा भोगत होती. एकाला तर देहदंड देऊन झाला होता. एकजण तुरुंगात आंधळा झाला. तिथला नामांकित तपास अधिकारी मिखाईल झावनेरोविच, त्याची ख्याती अशी की त्याच्या हातचा एकही गुन्हा उघडकीला यायचा राहत नाही. शंभर टक्के! वरच्यांना आकडा हवा, अधिकाऱ्याला बढती हवी, आणि कोठडीतला माणूस कितीही घट्ट असला तरी किती दिवस टिकणार? कबुलीजबाब मिळायचा, खटला उभा राहायचा, फाइल बंद व्हायची. आणि खुनी मोकळा फिरायचा. मिखासेविच तर मिलिशियाला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, मदत करणाऱ्या नागरी पथकात स्वयंसेवक होता. ज्या लाल मोटारीचा शोध चालू होता ती त्याचीच.

हे सगळं फोडलं ते निकोलाय इग्नातोविच या तपास अधिकाऱ्यानं. त्यानं जुन्या फाइली शेजारी शेजारी मांडल्या आणि म्हणाला, हा सगळा एकाच हाताचा उद्योग आहे. ऐकायला साधं वाक्य. पण त्याचा अर्थ काय होतो बघा. आधीचे तपास खोटे, सरकारी वकील चुकले, न्यायालयं चुकली, आणि ज्याला मारलं तो निरपराध होता. एका खुन्याचं नाव घ्यायला अख्ख्या सरकारला खुनी म्हणावं लागत होतं. शेवटी खुन्यानंच घोळ केला. तपास भलतीकडे वळावा म्हणून त्यानं 'वितेब्स्कचे देशभक्त' अशी सही करून वर्तमानपत्राला पत्र धाडलं. मग पाच लाखांवर हस्ताक्षरं तपासली गेली आणि डिसेंबर १९८५ मध्ये तो सापडला.

रशियातल्या रोस्तोवची गोष्ट जास्त लोकांना ठाऊक असते. चिकातिलोनं १९७८ साली शाख्ती गावात पहिली मुलगी मारली. तिच्या खुनासाठी क्रावचेंको नावाच्या दुसऱ्याच माणसाला १९८३ मध्ये देहदंड झाला. खुद्द चिकातिलो १९८४ मध्ये पिशवीत सुरी आणि दोरी घेऊन सापडला होता, पण रक्तगट जुळला नाही म्हणून खुनाच्या संशयातून सुटला आणि आणखी सहा वर्षं मारत राहिला. शेवटी बावन्न खून शाबीत झाले. त्या काळात तिथल्या वर्तमानपत्रांत या खुनांबद्दल जवळपास काही छापून येत नसे. एकामागून एक असे खून पाडणारा माणूस हा भांडवलशाही देशातला रोग, समाजवादी समाजात तो निपजेलच कसा, अशी अधिकृत समजूत. त्यामुळं स्टेशनवर अनोळखी माणसाशी बोलू नको, हे आईनं लेकराला सांगावं इतकीही बातमी आईपर्यंत पोचली नाही.

आपण लहानपणी भाड्याच्या वाचनालयातून ज्या रहस्यकथा आणायचो, त्यांतल्या गुप्तहेराला एक सोय फुकट मिळालेली असायची. खुनी कोण ते कळलं की गोष्ट संपायची. शेवटच्या पानावर इन्स्पेक्टर बेड्या घेऊन हजर. बंद राज्यातल्या तपास अधिकाऱ्याची गोष्ट त्या पानानंतर सुरू होते. खुनी कोण ते त्याला कळतं, बऱ्याचदा गावालाही कळलेलं असतं. ते कागदावर कुणी लिहायचं आणि लिहिलेला कागद कुणी वाचायचा, इथं सगळं अडतं.

आमच्याकडं हे नवं नाही. पश्चिम महाराष्ट्रातले लोक आजही चिडले की म्हणतात, "ही काय मोगलाई लागून गेली?" त्यांच्यासाठी तो वाक्प्रचार, आमच्यासाठी तो पत्ता होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ठाण्याच्या फौजदाराला अमीन म्हणत. सभा घ्यायची तर गश्ती निशाण त्रेपन्न, म्हणजे त्रेपन्न नंबरचं सरकारी परिपत्रक, आडवी यायची, आधी परवानगी काढा, वक्ता कोण, विषय काय ते सांगा. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. जन्माआधी मृत्यूचा दाखला! आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' पत्र काढलं, बंदी आली की नाव बदलायचं आणि पुन्हा काढायचं, असा खेळ त्यांनी चालवला. आणि 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, विरोधात लिहीत राहिले. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घरी परतताना हैदराबादेत त्यांना गाठून मारलं, हातही तोडले. कोण मारतंय हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, आमच्याच लातूरचा वकील, उघड भाषणं देत फिरत होता. एखाद्या इमानदार अमीनानं त्या रात्री पंचनामा केला असता तरी त्याचं पुढं काय झालं असतं? कुणाच्या टेबलावर गेला असता? संस्थान पडल्यावर रझवीवर खटले चालले, बीबीनगरच्या दरोड्यात शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. राज्य बदलल्याशिवाय त्याच्यावरची फाइल उघडली नाही.

इथवर वाचून आपल्याकडच्या बऱ्याच जणांना बरं वाटेल. निजाम वाईट, स्टालिनचे वारस वाईट. शाळेत मीही हे असंच शिकवत होतो आणि १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला भाषणही ठोकत होतो. पण पुढचं पान आम्ही मास्तरांनी कधी उलटलं नाही. भारतीय फौजेनं संस्थान घेतलं त्या 'पोलीस कारवाई'नंतरच्या आठवड्यांत संस्थानातल्या मुसलमानांवर जे सूड उगवले गेले, त्याची पाहणी करायला नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते गावोगाव हिंडले. त्यांचा अंदाज होता, कमीत कमी सत्तावीस हजार आणि वर चाळीस हजारांपर्यंत माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड ही आमची नावं घातली आहेत. रझाकारांच्या अत्याचारांची नोंदही त्यांनी केली. अहवाल झाला आणि पेटीत गेला. अभ्यासकांना तो नीट पाहायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास. पासष्ट वर्षं! तोवर माझ्यासारख्या मास्तरांच्या दोन पिढ्या निवृत्त झाल्या. सुंदरलालांनी कुणाचं नाव झाकलं नव्हतं. कागद झाकला तो वरच्यांनी, कारणही चांगलं दिलं असेल, शांतता बिघडू नये म्हणून. शांततेसाठी अर्धवट माहिती ठेवायची ही सवय कुठल्या एका राजवटीची नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

म्हणून मला हल्लीची एक मागणी अपुरी वाटते. तपास यंत्रणेला स्वायत्तता द्या, असं सगळे म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं सीबीआयला २०१३ मध्ये पिंजऱ्यातला पोपट म्हटलं तेव्हा आम्ही कट्ट्यावर टाळ्या पिटल्या. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात तर गुन्ह्याचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, तक्रार प्राधिकरणं नेमा, असं सांगून वीस वर्षं होत आली. मागणी खोटी नाही. जो शिपाई सकाळी पंचनामा करतो तोच दुपारी मोर्च्याच्या बंदोबस्ताला, संध्याकाळी मंत्र्याच्या ताफ्यापुढं आणि रात्री गणपतीच्या मिरवणुकीत उभा असेल तर तो तपास काय करणार? कपाळ! पण स्वायत्तता म्हणजे नेत्याचा फोन बंद होणं एवढंच असेल, तर सोव्हिएत तपास अधिकाऱ्यांना कुठल्या आमदाराचा फोन जात होता? झावनेरोविचला कुणी आडकाठी केली नव्हती, हवे तेवढे अधिकार होते. सरकारबाहेरचा सामान्य माणूस त्याची फाइल उघडून वाचू शकत नव्हता, आणि ती चौदा माणसं तिथं गेली. तपास करणाऱ्याच्या मनगटात जोर असण्याइतकंच त्याचा कागद दुसऱ्या कुणाला वाचता येणं गरजेचं आहे. माझ्या मते जास्तच.

मराठवाड्यातल्याच एका महिन्याची दोन प्रकरणं घ्या. डिसेंबर २०२४. बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांना ९ तारखेला उचलून नेऊन मारलं. परभणीत १० तारखेला पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, दुसऱ्या दिवशी बंद पेटला, धरपकड झाली, आणि पकडलेल्यांतला कायद्याचा एक तरुण विद्यार्थी १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मस्साजोगचा खटला न्यायालयात आहे, दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. पण दोषारोपपत्रातली छायाचित्रं मार्च २०२५ च्या सुरुवातीला लोकांपुढं आली आणि जे तीन महिने मोर्च्यांनी झालं नव्हतं ते दोन दिवसांत झालं, एका मंत्र्याचा राजीनामा आला. कागद उघडला की असं होतं. परभणीत उलटं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळं आलेला धक्का असं कारण लिहिलेलं, आणि विधानसभेत मात्र मारहाणीचा पुरावा नसल्याचं सांगितलं गेलं. त्या तरुणाच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं तेव्हा कुठं २०२५ च्या जुलैत गुन्हा नोंदवायचा आदेश झाला. म्हणजे सात महिने लागले ते तपासाला नव्हे, तपास सुरू करायला.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला हे बोललो. तो पोलीस खात्यातच आहे, नाव सांगत नाही. तो हसला. "सर, तुम्ही गुन्हे नोंदवा म्हणता. मी नोंदवले तर महिन्याच्या बैठकीत माझ्या ठाण्याचा आलेख वर जातो, आणि साहेब विचारतात, तुमच्याकडंच कामून वाढले? जो नोंदवत नाही त्याची हद्द शांत." मग म्हणाला, "आणि निम्म्या फिर्यादी भावकीच्या असतात. बांधावरून भांडण, नाव मात्र थेट जिवे मारायच्या प्रयत्नाचं." त्याचं म्हणणं खोटं नाही. आमच्याकडं माणूस कोर्टाची पायरी चढतो ती बऱ्याचदा दुसऱ्याला चढायला लावण्यासाठी. पण खोटी फिर्याद खोटी आहे हे लिहायची सोयही कायद्यात आहेच की. तपास करून न्यायालयाला ब समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवा, खोटी फिर्याद म्हणून. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ समरी पाठवा. फिर्यादीला ती मान्य नसेल तर तो न्यायालयात बोलू शकतो. अ समरी म्हणजे पोलीस खात्याची प्रामाणिक कबुली आहे: झालं खरं, आम्हाला सापडलं नाही. मला वाटतं, ज्या जिल्ह्यात अ समरी एकही नाही त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचा सत्कार थांबवून आधी चौकशी लावावी. वितेब्स्कात अ समरी नव्हती.

माझ्या विद्यार्थ्याच्या त्या बैठकीवर माझा सगळा राग आहे. गुन्हे किती नोंदले गेले यावरून अधिकाऱ्याची लायकी ठरवायची, म्हणजे डॉक्टरनं किती रोगी तपासले यावरून गावातल्या रोगराईचा ठपका त्याच्यावर ठेवण्यासारखं आहे. असा डॉक्टर दवाखाना बंद ठेवेल, नाहीतर ओळखीच्यांना म्हणेल, ताप नाही तुम्हाला, ऊन लागलंय. हे मोजमाप बदलायला कुठला कायदा लागत नाही, गृहखात्याचं एक परिपत्रक पुरेल. जुन्या भाषेत सांगायचं तर एक गश्ती. ते निघत नाही, कारण विधानसभेत 'गुन्हेगारी घटली' हे वाक्य प्रत्येक सरकारला हवं असतं आणि ते वाक्य अंमलदाराच्या पेनातून तयार होतं.

आमच्या अर्जाचं पुढं काय झालं तेही सांगतो. तीन महिने भाऊ ठाण्यात फेऱ्या मारत होता. "चौकशी चालू आहे काका." माहिती अधिकार टाकावा म्हटलं, तर त्या कायद्याच्या आठव्या कलमात तपासाला बाधा येईल अशी माहिती नाकारायची मुभा आहे, आणि ती मुभा किती सढळ हातानं वापरतात ते ज्यानं अर्ज टाकला त्याला ठाऊक. मग मी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली नवी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, काढून बसलो. त्यात एक चांगली तरतूद सापडली: तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं, मोबाइलवर कळवलं तरी चालेल. मी खूश. भावाला घेऊन, कलमाखाली रेघ मारून, ठाण्यात गेलो. या वेळी दुसरा अंमलदार होता. त्यानं कलम शांतपणे वाचलं, दोनदा वाचलं, आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

"बरोबर आहे सर. पण हे तपासाचं आहे. तुमचा तर अर्ज आहे ना? गुन्हाच दाखल नाही. मग तपास कशाचा?"

मी पस्तीस वर्षं मुलांचे पेपर तपासले, पण इतकं अचूक उत्तर मला क्वचित मिळालं असेल. अर्ज आणि गुन्हा यांत फरक काय, हे त्या एका वाक्यात होतं. गुन्हा नोंदला की कागदाला क्रमांक पडतो, तो न्यायालयात जातो, फिर्यादीला प्रत फुकट मिळते, तारखा पडतात, कुणीतरी विचारू शकतं. अर्ज ठाण्याच्या कपाटाबाहेर जात नाही. निजामाला गश्ती काढावी लागली होती. आमच्याकडं कोरा कागद पुरतो.

आता पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं आहे, पोचपावती आली. तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं जायची वाट संहितेत आहे, तीही पाहू. डिझेलची ती बाटली भावानं पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे, सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी. तिच्यावर आता निम्म्या गावाचे ठसे असतील. पेटी उघडली की डिझेलचा वास येतो, वहिनी वैतागते, टाकून द्या म्हणते. तो टाकत नाही.

यंदा त्यानं गंजी रानात लावलीच नाही. सोयाबीन काढलं त्या रात्री ट्रॅक्टर भाड्यानं आणून सगळं दारात आणून टाकलं, आणि मळणी होईपर्यंत चार रात्री बाज तिथंच ओढून झोपला.